दुसऱ्या दिवशीच्या बाई

बाईंसाठी पहिल्या रांगेतल्या सोफ्याचा पास मिळवला, ही माझी चूक. पोलादपूरला कबड्डीचे मोठे सामने होते आणि पहिल्या रांगेतला सोफा म्हणजे पुढारी, पुढाऱ्यांचे मेहुणे आणि त्या मेहुण्यांचे मित्र यांची जागा. तिथे आपल्या बाईंना बसवायचंच म्हणून मी संयोजकांच्या मागे मागे फिरलो, एका कार्यकर्त्याच्या मुलाच्या वाढदिवसाला न बोलावता जाऊन केक खाल्ला, आणि शेवटी तो चकचकीत पास घेऊन मोठ्या ऐटीत बाईंच्या दारात उभा राहिलो.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून पास वाचला. "हे सगळं कधी संपतं रे?"

"रविवारी संध्याकाळी, बाई. अंतिम सामना. तुम्ही जरा लवकर आलात तर..."

"मग सोमवारी सकाळी मला न्यायला ये," बाई म्हणाल्या आणि पास माझ्या हातात परत दिला.

तो पास शेवटी आमच्या हिने वापरला. सोफ्यावर बसून तिने सगळे सामने बघितले आणि घरी आल्यावर जाहीर केलं, की समोरचा माणूस घोट्याला कसा धरून पाडायचा हे तिला आता नीट कळलंय. तेव्हापासून मी घरात जरा बेतानेच वावरतो.

सोमवारी मी स्कूटर घेऊन हजर झालो. मैदानावर मांडव उतरवणारी माणसं आणि उष्ट्या पत्रावळींवर भांडणारी कुत्री, एवढंच उरलेलं. बाई तिथे थांबल्याही नाहीत. मागच्या वस्तीत शिरल्या आणि दारोदार चौकशी करत हिंडल्या. लाउडस्पीकरमुळे कुणाचं आजारी माणूस जागं राहिलं, गर्दीतून पोरींना शिकवणीला जाता आलं का, शाळेच्या आवाराची झाडलोट अखेर कुणाच्या गळ्यात पडली. मी पिशवी धरून मागे. न राहवून विचारलं, "बाई, सामनेच बघितले नाहीत तर लिहिणार काय?" बाई म्हणाल्या, "सामना बघायला सगळा गाव आला होता. गावाकडे बघायला एखाद्या माणसाने यायला नको?"

महाड-पोलादपुरात म्हणूनच त्यांना 'दुसऱ्या दिवशीच्या बाई' म्हणत. त्यांनी आयुष्यभर महाडच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं. मी त्यांचा विद्यार्थी, म्हणजे निदान हजेरीपटावर तरी होतो. पुढे मी कोर्टाजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान टाकलं, बाई निवृत्त झाल्या, आणि त्याच सुमारास आमच्या भागात स्पर्धांना ऊत आला. घाटातून सायकली, गडाखालून पळापळी, आणि कबड्डी तर आमची घरचीच. स्पर्धांना पैसा देणाऱ्या कंपन्यांना तेव्हा एक नवीनच हौस लागली. स्पर्धेमुळे समाजाला काय मिळालं, हे त्यांना मोजून आणि बांधीव अहवालात हवं असे. मोजायला येणारं माणूस आमच्या गावात एकच होतं, आणि त्या माणसाचं अक्षर लागणारं माणूसही एकच होतं. अशा रीतीने मी समाजशास्त्रात शिरलो, टायपिंगपुरता आणि स्कूटरपुरता.

बाईंचा पहिला अहवाल मी टाइप केला तो पाचाडच्या धावण्याच्या शर्यतीचा. संयोजकांनी आधीच छापून टाकलं होतं की स्थानिक खानावळींना चांगले दिवस आले. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तर एक खानावळवाली परातभर पिठलं पुढ्यात घेऊन बसलेली. धावणारी मंडळी पुण्यामुंबईची. येताना केळी घेऊन आली, केळी खाऊन पळाली, आणि सालं टाकून गेली. "खा गो बाय," खानावळवाली बाईंना म्हणाली, "आता गुरांना घालायचं ते तुम्हीच खा." आम्ही खाल्लं. मी जरा जास्तच खाल्लं. बाईंनी ते पिठलं अहवालात जसंच्या तसं घातलं आणि संयोजकांनी ते पान जसंच्या तसं काढून टाकलं.

त्यांची दुसरी खोड म्हणजे पडवीत बसायचं नाही. कुठल्याही घरी गेलं की पुरुषमंडळी पडवीत सतरंजी टाकत, "बसा बाई" म्हणत. बाई "आलेच हं" म्हणून थेट घराला वळसा घालून मागच्या दारी, जिथे भांडी घासली जातात तिथे. मला मात्र पडवीत बसवून ठेवत. "पडवीतली मतं मला ठाऊक आहेत," त्या म्हणत, "ती मी तुझ्या दुकानात बसूनसुद्धा लिहू शकते."

कॉलेजची मुलं कधी कधी मदतीला येत आणि छापील प्रश्न घेऊन फिरत. त्यात एक प्रश्न असे : 'स्पर्धेमुळे आपल्याला काही त्रास झाला का?' सगळीकडे उत्तर एकच, नाही. मुलं खूश. बाई चिडत. "अरे, आपल्याकडे हा प्रश्नच होत नाही. पाहुणे येऊन गेले, आणि तू दारात उभा राहून विचारतोस त्रास झाला का. कुठली बाई हो म्हणेल? उलट तुलाच चहा पाजेल." आणि खरंच पाजत. मुलं घराघरांत चहा पिऊन यायची आणि 'त्रास नाही' अशा खुणा करून आणायची.

वरंध हे आमच्या हिचं माहेर. तिथून सायकलींची शर्यत गेली तेव्हा घाटरस्ता अडवला होता आणि माझ्या मेहुण्याचं दूध टेम्पोतच नासलं. मला हे तीन वर्षांनी कळलं, तेही बाईंकडून. मेहुण्याला विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" तर म्हणतो, "जावईबापू, तुम्ही शर्यत बघायला आला होतात ना. तुमचा विरस कशाला करायचा?"

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. पोलादपूरच्या वर डोंगरात बाईंचं माहेर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण माणसं अजून तिथेच आहेत. खाली मोठा गाव, आणि वर चढण चढून गेलं की वरची वाडी, दहा-बारा घरांची. बाईंचा धाकटा भाऊ आप्पा गावातल्या क्रीडा मंडळाचा अध्यक्ष. उन्हाळ्यात मुंबईकर गावी येतात त्या दिवसांत त्यांनी कबड्डीची स्पर्धा ठेवली. स्पर्धा चांगली झाली आणि अहवाल चांगला आला, तर पुढच्या साली राज्य पातळीची स्पर्धा याच गावाला द्यायची, असं पैसेवाल्या कंपनीने कबूल केलं होतं. अहवाल करायला अर्थातच अध्यक्षांच्या ताई.

बाईंची रीत अशी, की जिथे दुसऱ्या दिवशी जायचं तिथे महिनाभर आधीही एकदा जाऊन यायचं. नाहीतर बदललं काय ते कळणार कसं? त्या आधीच्या फेरीत आम्ही वरच्या वाडीतही गेलो. तिथे सविता नावाची एक सून भेटली. नवरा मुंबईला कामाला, घरात ती आणि सासू. सातवा महिना लागत होता. बाई गावच्याच लेक, म्हणून मोकळेपणाने बोलली. आमच्या भागात बाहेरचे संघ उतरतात ते गावातल्या घराघरांत. कुणाकडे कोणता संघ, हे गावबैठकीत ठरतं, आणि चांगला संघ वाट्याला येणं हा घराचा मान. खालची घरं भरली म्हणून यंदा पहिल्यांदाच वरच्या वाडीला एक संघ मिळाला होता.

"आमच्याकडं मुंबईचा संघ उतरणार हाय, बाई," सविता म्हणाली. "बघा, आमची वाडी कुणाच्या मोजणीत पण नव्हती."

मी आपलं शहाणपणाने विचारलं, "या अवस्थेत तुम्हाला झेपेल का एवढ्या लोकांचं करणं?"

"का हो? तुम्ही येताय भाकऱ्या थापायला?" सविता म्हणाली. सासू पदरात तोंड घालून हसली आणि बाईसुद्धा हसल्या. मी चहा पिऊन टाकला.

स्पर्धा मी बघितली. बाई नव्हत्या, म्हणून मी अगदी मनसोक्त बघितली. शेत सपाट करून तांबड्या मातीचं मैदान केलेलं. रोज दुपारी त्यावर पाणी मारून रोलर फिरवायचे आणि ओल्या मातीचा असा वास सुटायचा की घरी फोन करून मी हिला त्या वासाचं वर्णन केलं. पाणी कुठून आलं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तीन-तीन दिवस दुसऱ्याच्या घरी मटण जेवणाऱ्या माणसाच्या डोक्यात तसं फारसं काही येत नाही.

सामने संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंना घेऊन गेलो. खालच्या गावात सगळे खूश. गावाचं नाव झालं, पोरं दारूपासून लांब राहिली, भावकीतली दोन भांडणं मिटली. यातलं बरंचसं खरंही होतं, आणि बाईंनी ते लिहूनही घेतलं. मग आम्ही वरच्या वाडीत गेलो. सविताच्या दारात सासू एकटीच होती.

"सून कुठंय गो?" बाईंनी विचारलं.

"माहेरी गेलीय. बसा. चहा टाकते."

बाई चुलीपाशी बसल्या. त्या दिवशी मला पडवीत ठेवायचं विसरल्या, म्हणून मीही तिथेच होतो. म्हातारीने हंडा तिरका केला, वाटी आत घातली आणि तळाचं पाणी खरवडून काढावं तसं काढलं. बाई नुसत्या बघत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "घरात मुंबईचा संघ उतरलेला, सून दिवसांची, आणि ती माहेरी कशी गेली गो?"

म्हातारी चुलीत फुंकत राहिली. फुंकून फुंकून विस्तव पेटला तरी फुंकतच होती. मग म्हणाली, "महाडला हाय. दवाखान्यात. मूल नाय राहिलं." आणि लगेच, "बाय, चहा घे, निवतोय."

मग एकेक कळत गेलं. मैदानावर मारलेलं पाणी वरच्या वाडीच्या टाकीतलं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी त्या टाकीत येतं आणि उन्हाळ्यात ते वाडीलाच जेमतेम पुरतं. मैदान भिजवायला मंडळाने तिलाच पाइप जोडला होता, स्पर्धेपुरता. वाडीतल्या बायका मग खाली ओढ्याच्या खड्ड्यातून वाटीवाटीने हंडे भरत होत्या आणि चढण चढत होत्या. कुणी काही बोललं नव्हतं, कारण गावात पाहुणे होते.

संध्याकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. मी दाराशीच उभा राहिलो. सविता भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाईंना बघून उठायला लागली, बाईंनी तिला खांद्याला धरून निजवलं.

"पोरं खेळून घामाघूम यायची, बाई," ती म्हणाली. "अंघोळीला पाणी नाय ठेवलं तर काय म्हणतील? गावानं बोलावलं आणि पाणी पण नाय दिलं? सासूचे गुडघे गेलेले. म्हणून मी उतरले. येताना पाय सरकला."

"अगो, त्यांना सांगायचंस ना, पाणी नाय म्हणून. ती गेली असती नदीवर. तरणी पोरं ती."

सविताने बाईंकडे असं बघितलं, जसं काही बाईंना काही समजतच नाही.

"पाहुण्यांना?" ती म्हणाली.

आणि पुढे म्हणाली, "पोरं चांगली होती. वहिनी वहिनी करायची. त्यांना सांगितलं मी माहेरी गेले म्हणून. जाताना सासूच्या पाया पडून गेली." मग तिने बाईंचा हात धरला. "हे नका लिहू हां बाई. राज्याची स्पर्धा यायची हाय. माझ्यामुळं गेली असं नको व्हायला."

 घरी येताना स्कूटरवर मीच काहीतरी बडबडत होतो, रस्त्याच्या कामाबद्दल. अशा वेळी मला गप्प बसता येत नाही, हा आमच्या हिने केव्हाच लावलेला शोध आहे.

चार दिवसांनी आप्पा महाडला ताईकडे आले. येताना मोठा फणस आणलेला. मी तिथेच मजकूर उतरवून घेत बसलो होतो. उठू लागलो तर बाई म्हणाल्या, "बस."

आप्पा वाईट माणूस नव्हे. सविताला दवाखान्यात नेलं ते त्यांनीच, आमच्या दुकानाशेजारच्या हमीदभाईंची जीप बोलावून. ते फणसाकडे बघत बोलत होते. "ताई, तू खोटं काय लिहू नको. फक्त सगळं लिहू नको."

"सविताचं मी लिहिणार नाय. तिला शब्द दिलाय. पण पाण्याचं लिहीन. आधी वाडीला टाकी बांधा, मग स्पर्धा घ्या."

"ते काय टाक्या बांधायला बसलेत? पाण्याची कटकट दिसली की दुसरं गाव बघतील. हायवेवरची गावं टपूनच हायत."

"आणि नाय लिहिलं तर पुढल्या उन्हाळ्यात याहून मोठी स्पर्धा, याहून मोठा पाइप. तेव्हा कोण उतरणार खाली?"

"तेव्हा बघू गो आपण. टँकर आणू." आप्पांचा आवाज एकदम उतरला. "ताई, तुझं माहेर हाय ते. स्पर्धा गेली तर गाव मला दारात उभं करणार नाय. मग मी तुला कसं उभं करू?"

बाई म्हणाल्या, "चहा घेऊन जा." आप्पांनी चहा घेतला, ताईच्या पाया पडले आणि गेले. फणस पिकला, घरभर वास सुटला, पण बाईंनी तो कापला नाही. शेवटी हमीदभाईंच्या घरी देऊन टाकला.

त्या आठवड्यात बाईंनी अहवालाचं ते एक पान किती वेळा फाडलं असेल. माहेरच्या गोष्टी त्या पूर्वी कधी बोलत नसत, तेव्हा बोलायला लागल्या. गणपतीला एक दिवस तरी त्या माहेरी जातच. आई गेली, वडील गेले, नवरा गेला, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, तरी तो एक दिवस त्यांनी कधी चुकवला नव्हता. "तिथे मला कुणी बाई म्हणत नाही रे," त्या म्हणाल्या. "ताई म्हणतात नाहीतर आत्या. आता एवढंच एक दार राहिलंय तसं." मग चष्मा पुसला आणि मला मजकूर सांगायला लागल्या. गावाला जे मिळालं ते सगळं सांगितलं, नीट, हातचं न राखता. आणि मग : मैदानासाठी वरच्या वाडीचं पिण्याचं पाणी वापरलं गेलं, त्याची झळ वाडीतल्या बायकांना बसली, आणि वाडीला पाण्याची कायमची सोय झाल्याशिवाय या गावी मोठी स्पर्धा घेऊ नये.

मी टायपिंग थांबवून विचारलं, "बाई, हे जरा मऊ करू का?"

"मऊ करायचं काम वाडीतल्या बायकांनी केलंय," बाई म्हणाल्या. "तू टाइप कर."

आप्पा म्हणाले होते तसंच झालं. कंपनीने टाकी बांधली नाही, वाद घातला नाही, अहवाल खोटा आहे असंही म्हटलं नाही. 'मौलिक सूचनांबद्दल' बाईंचे आभार मानले आणि राज्याची स्पर्धा हायवेजवळच्या एका गावाला दिली. वरच्या वाडीला पाणी आलं नाही ते नाहीच, खालच्या गावाची स्पर्धा मात्र गेली. आणि गावाला कुणी काही सांगायची गरजच पडली नाही. सविता दवाखान्यात होती, ताई तिला भेटून आली होती, एवढ्यावर सवितानेच तक्रार केली, असं गावाने जुळवलं.

गणपतीच्या आधी वहिनींचा फोन आला, आप्पांच्या बायकोचा. मी तेव्हा बाईंकडे दुरुस्त केलेली पानं द्यायला गेलो होतो. बाई नुसतं "हो का, बरं, बरं" म्हणत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "भावकीत सुतक आहे. यंदा गणपती बसवत नाहीत."

"अरेरे. कोण गेलं?"

"ते मी विचारलं नाही," बाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी बाई दुकानात आल्या असताना हमीदभाई डोकावले. त्यांना त्या फोनचं काही ठाऊक नव्हतं. "बाई, तुमच्या आप्पांचा गणपती कालच पोचवला आपल्या टेम्पोनं. काय सुंदर मूर्ती, वा!"

मी झेरॉक्सच्या मशीनचं झाकण उगीचच उघडलं आणि आत बघत बसलो.

"छान झालं," बाई म्हणाल्या. "रस्ता किती खराब आहे. धक्का नाही ना लागला कुठे?"

"एक टवका नाय उडाला. पोटच्या पोरासारखी नेली."

"तुम्ही आहात म्हणून काळजी नाही," बाई म्हणाल्या आणि छत्री घेऊन घरी गेल्या.

त्यांनी एकदाच पुन्हा तिकडे जायचं ठरवलं. खालच्या गावात न थांबता थेट वरच्या वाडीत, सविताला भेटायला. नवऱ्याने आणि गावाने तिला काय काय ऐकवलं होतं ते आमच्यापर्यंत आलं होतं. मी खाली स्कूटरपाशी थांबलो. बाई लवकरच परत आल्या.

"काय म्हणाली?"

"काही नाही. चहा केला." बाई मागे बसल्या, पदर सावरला. "भांडली असती तर बरं वाटलं असतं रे. कप भरून, साखर घालून चहा केला. पाहुण्यांना करतात तसा."

पोलादपूर ओलांडल्यावर त्या मागून म्हणाल्या, "मोजायचं कसं ते मी तुम्हाला इतकी वर्षं शिकवलं. मोजलेलं न्यायचं कुणाकडे, ते कधी शिकवलं नाही. मलाच ठाऊक नव्हतं." मी नेमका तेव्हाच गप्प राहिलो.

त्यानंतर बाईंनी एकही अहवाल केला नाही. बोलावणी यायची. "तब्येत बरी नसते" असं उत्तर मीच टाइप करून पाठवत असे. पुढे ते खरंही झालं. थंडीत त्यांना ताप आला, तो छातीत उतरला, आणि एका सकाळी त्या गेल्या. मुलगा पुण्याहून आला. मोठा शांत आणि गोंधळलेला माणूस. काय करायचं, कुठून काय आणायचं, सगळं मलाच विचारत होता.

आमच्याकडे बाईमाणसाला शेवटची साडी माहेरची नेसवतात. नवरा असो नसो, वय काही असो, माहेरहून साडी येते आणि मगच उचलतात. मुलाने आप्पांना फोन लावला. "निघालोच," आप्पा म्हणाले. आम्ही थांबलो. पोलादपूरहून महाड म्हणजे काय लांब आहे? कॉलेजातली जुनी माणसं येऊन बसली, ज्यांना दुपारची कामं होती ती हार घालून गेली. पुन्हा फोन केला. "वाटेत हाय," आप्पा म्हणाले. मागून कोंबड्यांचा आवाज येत होता.

हमीदभाईंनी माझ्याकडून फोन घेतला. "आप्पा, गाडीची अडचण असेल तर बोला. जीप पाठवतो, दारातून बसवून आणतो."

"नाय नाय, कशाला त्रास. आम्ही निघालोत."

हमीदभाईंनी फोन माझ्या हातात दिला आणि अंगणात जाऊन उभे राहिले. उन्हं भिंतीवरून वर सरकली. भटजी दोनदा उठून बाहेर बघून आले. मुलगा मला म्हणाला, "काका, मामा येतील ना?" मी म्हटलं, "येतील की. वाटेत आहेत." मीही याच मातीतला.

शेवटी आमची ही उठली. मला वाटलं, कंटाळून घरी चालली. थोड्या वेळाने आली ती हातात साडी घेऊन. हिरवट निळी, घडी न मोडलेली. वरंधहून तिच्या भावाने भाऊबीजेला दिलेली. मी ओळखली, कारण ती नेसायचा मुहूर्त ती दिवाळीपासून शोधत होती. कुणालाही काही न विचारता तिने आत जाऊन ती बाईंच्या अंगावर घातली, निऱ्या सारख्या केल्या आणि बाहेर येऊन मुलाला म्हणाली, "माहेरची साडी झाली. आता थांबू नका."

आप्पा आले नाहीत. फोन पुन्हा आम्हीही केला नाही.

सगळं उरकून, अंघोळ करून मी ओट्यावर बसलो. दिवेलागण झाली होती. ही माझ्याजवळ येऊन बसली. मी बोलत सुटलो होतो, सवयीप्रमाणे. बाईंसारखं माणूस आता होणे नाही, सख्ख्या भावासाठीसुद्धा एक वाक्य खोडलं नाही त्यांनी, असं काहीबाही. हिने ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"मी नसतं हो लिहिलं. मला माहेर लागतं."